मागून बसलेला धक्का : जुन्या मोटारीची घरगुती डागडुजी
(नभोवाणीवरील भाषण)

मोटारीचे अपघात दोन प्रकारचे असतात. एक प्रकार वर्तमानपत्रांत छापून येतो. दुसरा कोठेंच छापून येत नाहीं, पण घरांत आठवडाभर त्याची चर्चा चालते. सिग्नलपाशीं गाडी उभी असतां मागल्या गाडीचा ब्रेक क्षणभर उशिरां लागतो, खळ्ळकन् आवाज होतो, दोघेहि चालक खालीं उतरतात, थोडी बोलाचाली होते आणि आपापल्या गाडीची पाठ न्याहाळून प्रत्येक जण घरची वाट धरतो. कोणाला खरचटलेलेंहि नसतें. परंतु बंपर वांकलेला असतो, पत्र्याला खळी पडलेली असते आणि एखाद्या दिव्याची तांबडी कांच फुटलेली असते. या दुसऱ्या प्रकाराविषयीं आज मला बोलावयाचें आहे; आणि तेंहि दुकानांतून नुकत्याच आणलेल्या गाडीविषयीं नव्हे, तर जी दहापंधरा वर्षें घरांत वावरली आहे आणि जिची बाजारांतील किंमत दुरुस्तीच्या बिलाशीं शर्यत करूं लागली आहे, अशा जुन्या गाडीविषयीं.

प्रश्न दिसावयास लहान आहे. पण त्याच्या दोन्ही टोकांना धोका आहे. सर्व कांहीं कारखान्यावर सोंपविलें, तर एका खळीपायीं चालती गाडी भंगारांत जाण्याची वेळ येते. उलट, सर्व कांहीं घरींच झांकून टाकलें, तर रंगाखालीं लपलेला दोष पुढच्या धक्क्याच्या वेळीं मागील बैठकीवर बसलेल्या मुलांच्या जिवावर उठतो. यास्तव 'स्वतः काय करावें' या प्रश्नाइतकाच 'स्वतः काय करूं नये' हा प्रश्न महत्त्वाचा आहे.

उदाहरणादाखल नवी मुंबईंतील बोनकोडे हें गांव घ्या. ठाणें-बेलापूर हमरस्ता आणि ठाण्याची खाडी यांच्या दरम्यान, कोपरखैरण्याला लागून हें जुनें गांवठाण आहे. १७ मार्च १९७० रोजीं सिडकोची स्थापना झाली आणि ९५ गांवांच्या जमिनीवर नवें शहर वसविण्याचा संकल्प सोडण्यात आला. भातशेती, मिठागरें आणि खाडींतील मासेमारी यांवर चाललेलें या पट्ट्यांतील आगरी-कोळी वस्त्यांचें जीवन एका पिढींत पालटून गेलें. आज गांवाच्या एका अंगाला औद्योगिक वसाहतीच्या मालमोटारींनी गजबजलेला हमरस्ता आहे, आणि घरापाशीं यावें तों गल्ल्या अशा, कीं त्या आंखल्या गेल्या त्या वेळीं मोटारीचा विचार कोणाच्या मनांतहि नसावा. त्यामुळें येथील गाडीच्या पाठीला दोन्ही प्रकारचे धक्के बसतात : हमरस्त्यावर मागून येणाऱ्याचे, आणि गल्लींत गाडी मागें घेतांना खांबाचे, ओट्याचे व शेजाऱ्याच्या गाडीचे. ज्या शहरांत घराशेजारीं गाडी उभी करावयास जागा अपुरी आहे, त्या प्रत्येक शहराची हीच कहाणी आहे.

आतां या गाड्यांच्या जातीकडे पाहूं. शेठ वालचंद हिराचंद यांनी १९४४ सालीं प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी काढली आणि कुर्ल्याच्या कारखान्यांत पुढें फियाट गाड्या तयार होऊं लागल्या. त्याच गाडीला नंतर पद्मिनी हें नांव मिळालें. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीचें रूप म्हणजे हीच गाडी. शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची वीस वर्षांची मुदत संपल्यामुळें ३० ऑक्टोबर २०२३ पासून ती मुंबईच्या टॅक्सींतून निवृत्त झाली. हौशी कुटुंबांतून ती अद्याप जपलेली आढळते. तिच्या मागें चकचकीत मुलामा दिलेला पोलादी बंपर असतो आणि तो लोखंडी हातांनी अंगाला बोल्टानें जखडलेला असतो. त्यानंतर १४ डिसेंबर १९८३ रोजीं मारुति ८०० रस्त्यावर आली. तिचें उत्पादन २०१४ च्या जानेवारींत थांबलें. तिच्या पाठोपाठ झेन, सँट्रो, आल्टो अशा गाड्या आल्या आणि पोलादी बंपराच्या जागीं प्लॅस्टिकचा बंपर सर्वत्र रूढ झाला.

हा फरक नीट समजून घेतला पाहिजे. पोलादी बंपर वांकला, कीं वांकलेला दिसतो. तो खोटें बोलत नाहीं. प्लॅस्टिकचा बंपर मात्र दबतो आणि पुन्हा उसळून जवळजवळ पूर्वस्थितीवर येतो. वर नुसता ओरखडा दिसतो आणि आंत त्याच्या मागचा पत्रा किंवा आडवी पोलादी पट्टी बोटभर आंत गेलेली असते. म्हणून प्लॅस्टिकच्या बंपराची गाडी बाहेरून पाहून 'फारसें कांहीं झालेलें नाहीं' असा निर्वाळा कधींहि देऊं नये. आणखी एक गोष्ट : या दोन्ही तऱ्हांच्या गाड्यांत निराळी भक्कम चौकट खालीं नसते, सांगाडा आणि कवच मिळून एकच पेटी असते. पेटीची एक बाजू मुरडली, तर तिचा परिणाम दुसऱ्या बाजूपर्यंत पोहोंचतो.

धक्क्याचा जोर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढतो. ताशीं दहा किलोमीटर वेगानें आलेल्या गाडीपेक्षां वीस किलोमीटर वेगानें आलेली तीच गाडी चौपट ऊर्जा घेऊन आदळते. हें ध्यानांत ठेवलें म्हणजे 'फक्त जरासा जास्त वेग होता' या वाक्याचा खरा अर्थ कळतो.

हत्यार हातीं घेण्यापूर्वीं दोन कामें करावीं. पहिलें कायद्याचें. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४ अन्वयें अपघातानंतर चालकावर कांहीं कर्तव्यें येतात. त्यांत जखमीला वैद्यकीय मदत मिळवून देणें हें सर्वांत प्रथम येतें. मागील बैठकीवरच्या वृद्धांना किंवा मुलांना 'लागलें का' असें दोनदां विचारावें, कारण मानेला बसलेला हिसका कित्येकदां दुसऱ्या दिवशीं दुखूं लागतो. दोन्ही गाड्या हलविण्यापूर्वीं त्यांची छायाचित्रें घ्यावीं, आणि परस्परांच्या गाडीचे व विम्याचे क्रमांक लिहून घ्यावे.

दुसरें काम हिशेबाचें. दुसऱ्याच्या नुकसानीपुरता विमा कायद्यानें प्रत्येक गाडीला सक्तीचा आहे. जुन्या गाड्यांचा तेवढाच उतरविलेला असतो आणि त्यांतून स्वतःच्या गाडीला कांहीं मिळत नाहीं. ज्यांनी स्वतःच्या नुकसानीचाहि विमा उतरविला आहे, त्यांनी मागणी करण्यापूर्वीं पाटीपेन्सिल घ्यावी. नेहमींच्या करारांत रबर व प्लॅस्टिकच्या भागांच्या किमतींतून ५० टक्के घसारा कापतात. दहा वर्षांवरील गाडीच्या धातूच्या भागांतूनहि ५० टक्केच जातात. शिवाय १,५०० सी.सी. पर्यंतच्या गाडीला पहिले १,००० रुपये मालकालाच सोसावे लागतात. समजा, बिल ६,००० रुपयांचें झालें आणि त्यांत ३,००० रुपये प्लॅस्टिकच्या भागांचे आहेत. घसाऱ्याचे १,५०० आणि सक्तीचे १,००० वजा जातां, बाकी कोठें कपात झाली नाहीं असें धरलें तरी, हातीं ३,५०० येतात. आतां दुसरी बाजू पाहा. मागणी न केल्याबद्दल मिळणारी सूट पहिल्या वर्षीं २० टक्के, पुढें २५, ३५, ४५ आणि शेवटीं ५० टक्क्यांपर्यंत चढत जाते. एकदां मागणी केली, कीं ती शून्यावर येते. ज्याचा या भागाचा मूळ हप्ता ४,००० रुपये आहे आणि ज्याला ५० टक्के सूट आहे, तो २,००० रुपये भरतो. मागणीनंतर पुढल्या वर्षीं तो ४,००० भरील, नंतर ३,२००, नंतर ३,०००. म्हणजे तीन वर्षांत ४,२०० रुपये अधिक. ३,५०० मिळवून ४,२०० घालविण्याचा हा व्यवहार आहे. लहान इजा स्वतः दुरुस्त करण्यामागें हौसेपेक्षां हें गणित अधिक आहे.

आतां परीक्षा. ती दिवसाच्या उजेडांत, गाडी सपाट जागीं उभी करून करावी. डिकींतील सर्व सामान, स्टेपनी आणि अंथरलेला गालिचा बाहेर काढावा. डिकीच्या झांकणाच्या दोन्ही बाजूंच्या फटी सारख्या आहेत का, तें पाहावें. मग झांकणाच्या चौकटीचे दोन्ही कर्ण टेपानें मोजावे. उजवा वरचा कोपरा ते डावा खालचा कोपरा, आणि डावा वरचा ते उजवा खालचा, हीं दोन मापें सारखीं भरलीं पाहिजेत. तीं सारखीं नसलीं तर पेटी मुरडली आहे. मागचीं दारें पूर्वींसारखीं लागतात का, छपरावर किंवा मागील खिडकीजवळच्या खांबावर पत्र्याला लाट आली आहे का, डिकीच्या तळाला चुणी पडली आहे का, तळाखालच्या दोन लांबट पोलादी पेट्यांना मुरड आहे का, हें एकेक करून पाहावें. यांपैकीं एकहि खूण आढळली, तर हत्यारें खालीं ठेवावीं. ती इजा किरकोळ नव्हे. तिला ओढयंत्र, मोजपट्ट्यांची चौकट आणि कसबी कारागीर लागतो. तळाच्या त्या पेट्या पुढल्या अपघाताच्या वेळीं स्वतः चुरगळून माणसांना वांचविण्यासाठीं असतात; त्यांची मुरड हातोड्यानें सरळ केल्यास दिसावयास त्या नीट दिसतील, पण वेळेवर दगा देतील.

यानंतर नाकाचा उपयोग करावा. बहुतेक जुन्या गाड्यांची पेट्रोलची टाकी मागील बैठकीच्या किंवा डिकीच्या खालीं असते. पेट्रोलचा वास आला, तर गाडी चालू करूं नये, आणि घरीं कसलेंहि ठोकाठोकीचें, घांसण्याचें किंवा झाळण्याचें काम करूं नये. आपल्याकडे कित्येक जुन्या गाड्यांना मागाहून सी.एन.जी.चें नळकांडें बसवितात आणि तें नेमकें डिकींत असतें. नळकांड्याच्या बैठकीला, पट्ट्यांना, झडपेला किंवा नळीला धक्का पोहोंचल्याची शंका जरी आली, तरी झडप बंद करून अधिकृत केंद्रालाच गाडी दाखवावी. या नळकांड्यांची दर तीन वर्षांनी दाबाची परीक्षा करून घेणें नियमानें सक्तीचें आहे, त्याचें कारण त्यांत भरलेल्या वायूचा प्रचंड दाब हेंच होय. येथें घरगुती शहाणपणाला जागा नाहीं.

तिसरा शत्रु दिसतहि नाहीं आणि त्याला वासहि नाहीं. धुराच्या नळींतून निघणारा कार्बन मोनॉक्साइड वायु मागील पत्र्याच्या फाटीतून किंवा झांकणाच्या चेपलेल्या रबरी कडेतून गाडींत शिरूं शकतो. म्हणून धुराची नळी सरकली आहे का, तिचा सांधा उघडला आहे का, हें अवश्य पाहावें. डिकीच्या झांकणावर बादलीभर पाणी ओतून आंत ओल येते का, तें पाहिल्यानें रबरी कडेची परीक्षा होते. जेथून पाणी येतें तेथून धूरहि येतो.

एवढ्या परीक्षेंतून गाडी उत्तीर्ण झाली आणि इजा बंपर, दिवा व बाहेरील पत्रा एवढ्यापुरतीच ठरली, तर आपलें काम सुरू होतें. हत्यारें फारशीं लागत नाहींत. पान्यांचा एक संच, पक्कड, स्क्रू-ड्रायव्हर, लाकडी हातोडा, सपाट व गोल तोंडाचा पत्र्याचा हातोडा, आणि पत्र्याच्या मागें धरावयाची हातांत मावणारी पोलादी ऐरण. हिला कारागीर डॉली म्हणतात. काम आरंभिण्यापूर्वीं बॅटरीची ऋण तार प्रथम सोडवावी. सोडविलेला प्रत्येक स्क्रू कोठला, हें कागदावर लिहून वेगवेगळ्या वाट्यांत ठेवावा. जुन्या गाडीचे बोल्ट गंजलेले असतात. खाडीच्या खाऱ्या हवेंतल्या गाड्यांचे तर हटकून. त्यांना आदल्या रात्रीं गंज सैल करणारें तेल सोडून ठेवावें, म्हणजे सकाळीं डोकें तुटून हातांत येत नाहीं.

पोलादी बंपर असल्यास तो त्याच्या लोखंडी हातांसह उतरवावा. बहुधा बंपरापेक्षां हातच अधिक वांकलेले असतात. ते पकडयंत्रांत धरून हळूहळू सरळ करावे. भेग दिसली तर मात्र नवे बसवावे. बंपरावर प्रत्यक्ष हातोडा मारल्यास वरचा मुलामा तडकतो आणि गंजाला वाट मिळते, म्हणून लाकडाचा ठोकळा मध्यें ठेवून आंतील बाजूनें ठोकावें.

पत्र्याचें काम हें या साऱ्या प्रकरणाचें मर्म आहे. अलीकडच्या गाडीचा बाहेरील पत्रा पाऊण मिलिमीटरच्या आसपास जाड असतो. तो दबतांना दोन गोष्टी होतात. खळीचा मधला पसरट भाग नुसता आंत ढकलला जातो. त्याची घडण बिघडलेली नसते. खळीच्या कडेला मात्र जी कडक दुमड पडते, तेथें धातु खरोखर मुरडलेला आणि मुरडल्यामुळें अधिक कठीण झालेला असतो. ही दुमडच मधल्या भागाला आंत डांबून ठेवते. अडाणी हात खळीच्या ऐन मध्यावर मागून दणके मारतो. पत्रा ताणला जातो, आणि खळीच्या जागीं टेंगूळ येतें. जाणता हात प्रथम कडेची दुमड सोडवितो. नियम असा, कीं जी दुमड सर्वांत शेवटीं पडली ती सर्वांत आधीं काढावी. म्हणजेच धक्का ज्या क्रमानें आंत शिरला, त्याच्या उलट क्रमानें त्याला बाहेर काढावें. मागून ऐरण खळीच्या खोल भागाला दाबून धरावी आणि पुढून कडेच्या उंचवट्यावर हलके, जवळजवळ, पुष्कळ ठोके द्यावे. प्रत्येक ठोक्याबरोबर ऐरण मागून किंचित् वर ढकलते आणि खळी आपली आपण भरून येऊं लागते. येथें जोर लागत नाहीं, सबुरी लागते. डोळ्यांपेक्षां तळहात अधिक खरा : हातावर पातळ फडकें घेऊन पत्र्यावरून हळूच फिरवावें, म्हणजे केसाएवढा उंचवटाहि जाणवतो.

पत्रा फार ताणला गेला असेल, तर तो बोटानें दाबतांच डबड्यासारखा टपकन् आंतबाहेर होतो. त्याला तापवून आंखडावें लागतें, आणि तें काम कारागिराचें आहे. तसेंच जेथें मागील पत्रा दुहेरी असतो आणि मागून हात पोहोंचत नाहीं, तेथें भोंकें पाडून ओढण्याची जुनी रीत घरीं करूं नये. प्रत्येक भोंक हा गंजाचा दरवाजा असतो.

पत्रा जमेल तितका सपाट झाल्यावर उरलेली उणीव लांबीनें भरावयाची. लांबी ही चूक झांकण्यासाठीं नसून पूर्णता आणण्यासाठीं आहे; तिचा थर तीन मिलिमीटरपेक्षां जाड होऊं देऊं नये. जाड थर उन्हातान्हांत आणि रस्त्याच्या हादऱ्यांत तडकतो आणि खपलीसारखा निघून येतो. लावण्यापूर्वीं जुना रंग व गंज ८० नंबरच्या घांसकागदानें पूर्ण खरवडून चकचकीत धातु उघडा करावा आणि तेलकटपणा पुसून काढावा. लांबींत घट्ट करणारें द्रव्य वजनाच्या सुमारें २ टक्के मिसळतात. आपल्या हवेंत मिश्रण थोड्याच मिनिटांत दगड होतें, म्हणून एका वेळीं लिंबाएवढाच गोळा कालवावा. वाळल्यावर ८०, १८० आणि ३२० या क्रमानें लाकडी ठोकळ्याला कागद गुंडाळून घांसावें. नुसत्या बोटांनी घांसल्यास बोटांचे खड्डे पडतात. लांबी पाणी शोषून घेते, म्हणून ती कोरडीच घांसावी, आणि लगेच अस्तराचा हात द्यावा.

येथें आपल्या कोंकणपट्टीच्या हवामानाला विसरून चालणार नाहीं. जून ते सप्टेंबर या महिन्यांत उघडा पत्रा एक रात्र जरी तसाच राहिला, तरी सकाळीं त्यावर तांबूस झांक येते. जें उघडें केलें तें त्याच दिवशीं अस्तरानें झांकावें, हा नियम पाळावा. दमट हवेंत फवारलेल्या रंगावर दुधासारखी पांढरी छटा धरते, कारण रंगांतील पातळ द्रव्य भराभर उडून जातांना पृष्ठभाग थंड होतो आणि हवेंतील बाष्प त्यावर बसतें. म्हणून पावसाळ्यांत अस्तरापर्यंत काम करून थांबावें आणि रंगाचा शेवटचा हात दसरा-दिवाळीच्या कोरड्या दिवसांसाठीं राखून ठेवावा. गाडी चार महिने करड्या ठिगळासह फिरली, तर कांहीं बिघडत नाहीं.

रंगाचा क्रमांक गाडीवरील पट्टीवर असतो; तो दाखवून रंग घ्यावा. तरीहि तंतोतंत जुळेल अशी अपेक्षा ठेवूं नये, कारण आपल्या गाडीचा मूळ रंग उन्हानें उडालेला असतो. डबींतील रंग पातळ थरांनी, दोन थरांत पुरेसा अवकाश ठेवून फवारावा. जाड थर ओघळतो. पूर्ण वाळल्यावर २००० नंबरच्या कागदानें पाण्यांत भिजवून घांसावें आणि पॉलिश करावें. मात्र एक इशारा गंभीरपणें देतों : कारखान्यांत वापरला जाणारा, दुसरें द्रव्य मिसळून कठीण होणारा रंग घरीं कधींहि फवारूं नये. त्यांतील आयसोसायनेट नांवाचीं द्रव्यें श्वासावाटें आंत गेल्यास कायमचा दमा जडूं शकतो. नाकावर बांधलेला रुमाल त्यांच्यापुढें व्यर्थ आहे. साधी डबी वापरतांनाहि मोकळी हवा असावी, जवळ विस्तव नसावा आणि मुलांना दूर ठेवावें.

प्लॅस्टिकच्या बंपराचा मार्ग निराळा. तो बहुधा पॉलिप्रॉपिलीनचा असतो. आंतल्या बाजूला दोन बाणांच्या मध्यें पी.पी. हीं अक्षरें उमटविलेलीं असतात. हें द्रव्य उष्णतेनें मऊ होतें आणि आपला मूळ आकार आठवतें, असें म्हणावयास हरकत नाहीं. खळीवर कढत पाणी सोडून मागून हातमोजा घातलेल्या हातानें ढकललें, तर ती पुष्कळदां एका क्षणांत बाहेर येते. मग लगेच थंड पाणी ओतावें. ज्योत मात्र जवळ आणूं नये. चीर गेली असेल, तर आंतून बारीक पोलादी जाळी तापलेल्या कावियानें प्लॅस्टिकांत बसवून ती सांधतां येते. या द्रव्याला रंग सहजीं धरत नाहीं, म्हणून त्यासाठीं मिळणारें खास अस्तर आधीं लावावें लागतें. नाहीं तर दोन महिन्यांत रंगाचे पापुद्रे निघतात. तुटलेल्या खिट्या व आंकडे नवे घ्यावे. जुन्या गाड्यांचे सुटे भाग कुर्ल्याच्या जुन्या मालाच्या बाजारांत शोधल्यास बरेच वेळां मिळतात. मात्र बंपराच्या मागची पोलादी पट्टी जुनी घेतांना ती पूर्वीं वांकवून सरळ केलेली नाहीं ना, हें बारकाईनें पाहावें.

दिव्यांकडे दुर्लक्ष करणें हा या साऱ्यांतील सर्वांत स्वस्त आणि सर्वांत घातक आळस आहे. तांबडी कांच फुटली, कीं मागून पांढरा उजेड दिसतो, आणि रात्रीं मागून येणाऱ्याला गाडी येते कीं जाते, हेंच कळत नाहीं. कांच चिकटवीत न बसतां संपूर्ण दिवा बदलावा. आंतील दिवलींत बहुधा दोन तारा असतात, २१ वॅटची ब्रेकसाठीं आणि ५ वॅटची रात्रीच्या खुणेसाठीं. तिच्या दोन खुंट्या मुद्दाम खालींवर केलेल्या असतात, म्हणून ती उलटी बसत नाहीं. जोर करून उलटी कोंबूं नये. दिवा मंद लागला, तर धातूशीं जोडलेली तार गंजली आहे, असें समजावें. शेवटीं घरांतील कोणाला तरी मागें उभें करून ब्रेक, वळणाचे दिवे आणि मागें घेण्याचा दिवा एकेक करून तपासावा.

क्रमांकाची पाटीहि अशा धक्क्यांत मुडपते. पूर्वीं ती ठोकून सरळ करीत आणि कोपऱ्यावरच्या रंगाऱ्याकडून अक्षरें काढून घेत. अतिसुरक्षित पाटीच्या बाबतींत तें चालत नाहीं. १ एप्रिल २०१९ पूर्वीं नोंदलेल्या गाड्यांनाहि महाराष्ट्रांत ही पाटी सक्तीची करण्यांत आली. ती एकदां बसविल्यावर न निघणाऱ्या कुलुपांनी जखडलेली असते, आणि खराब झाल्यास अधिकृत विक्रेत्याकडूनच बदलून घ्यावी लागते.

श्रोतेहो, एवढा खटाटोप कशासाठीं, असें कोणी विचारील. खासगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षें चालते. पुढें दर पांच वर्षांनी गाडीची तपासणी होऊन ती वाढवून घ्यावी लागते. १ एप्रिल २०२२ पासून मोटारीचें हें शुल्क ६०० रुपयांवरून ५,००० रुपयांवर गेलें. जुनी गाडी ठेवणें दिवसेंदिवस महाग होत असतां, तिच्यावरचा प्रत्येक रुपया योग्य ठिकाणीं खर्च होणें अगत्याचें आहे. खळीवर वांचविलेले पैसे ब्रेकवर, टायरांवर आणि बैठकीच्या पट्ट्यांवर खर्च करावे. सुंदर पाठीची पण झिजलेल्या ब्रेकांची गाडी हा आपण होऊन ओढवून घेतलेला धोका आहे.

आणखी एक लाभ पैशांत मोजतां येत नाहीं. ज्यानें एकदां स्वतः बंपर उतरविला आहे, त्याला गॅरेजमध्यें कोणी सहसा फसवूं शकत नाहीं. आणि ज्यानें एक खळी स्वतः काढून पाहिली आहे, तो त्या कारागिराच्या मजुरीबद्दल उगाच घासाघीस करीत नाहीं. गॅरेजच्या दारांत उकिडवा बसून तळहातानें पत्रा चांचपणारा तो माणूस काय जाणतो, हें त्याला आतां कळलेलें असतें. जें आपल्याला साधतें तें करावें, जें साधत नाहीं तें त्याच्या हातीं विश्वासानें सोंपवावें, आणि या दोहोंमधली सीमा कोठें आहे, हें गाडीचा तळ आणि डिकीचे दोन कर्ण पाहून ठरवावें. लहान इजा लहानच ठेवण्याचा याहून दुसरा मार्ग नाहीं.